नागपूरच्या धरमपेठेतला रविवारचा अलक वर्ग : सहा रविवार करून आल्यावर लिहितेय

लिहायला उशीर झालाय, मान्य आहे, अति लघु कथा लिहायचा हा वर्ग मे महिन्यात संपला आणि आता शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले, पण मी मुद्दामच थांबले होते. वर्गातून बाहेर पडल्या पडल्या सगळंच छान वाटत असतं, चौदा जणांनी टाळ्या वाजवल्या की आपल्याला लिहिता येतं असंच वाटायला लागतं, खरं काय ते घरी एकटं वही घेऊन बसलं की कळतं आणि माझ्यासारखीला तर फळ्यासमोर उभं राहून दुसऱ्याला शिकवायला लागलं की कळतं. मी नववी-दहावीला मराठी शिकवते, सोळा वर्षं झाली. वर्ग लावला तोच या हिशेबाने की इथलं काही पोरांपर्यंत नेता येईल का. ते नेता आलं का, किती आलं, हे बघूनच लिहितेय, जरा मोठं होईल पण ज्यांना खरंच जायचंय त्यांनी पूर्ण वाचा.

अलक म्हणजे अति लघु कथा, हे आता बहुतेकांना माहीत आहे कारण प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला दोन तरी येतातच. आणि त्यातल्या निम्म्या वृद्धाश्रमाच्या असतात. मुलगा अमेरिकेत, आई वृद्धाश्रमात, शेवटच्या ओळीत कळतं की वृद्धाश्रमाला देणगी देणारा तोच मुलगा, वगैरे. मला या प्रकाराबद्दल मनापासून प्रेम आहे म्हणूनच त्याचं असं झालेलं बघवत नाही. दोन वर्षांपूर्वी मी एक ऑनलाइन कोर्सही केला होता, कोणाचा ते लिहीत नाही, ९९९ रुपये, तीन तासांचे व्हिडिओ आणि शेवटी आपलं नाव टाकलेलं सर्टिफिकेट. त्यात सांगितलेलं एकच सूत्र, वाचकाला धक्का द्या. धक्का, धक्का, धक्का. आणि पहिल्याच व्हिडिओत ती अमेरिकन लेखक हेमिंग्वेची म्हणून सांगतात ती सहा इंग्रजी शब्दांची गोष्ट, 'विकणे आहे : बाळाचे बूट, कधीच न घातलेले', जी मी पुढे चार वर्षं… नाही, दोन वर्षं, माझ्या वर्गात हेमिंग्वेच्या नावाने सांगत राहिले.

इथे पहिल्याच रविवारी वर्ग घेणाऱ्या मॅडमनी ती खोडून काढली. हेमिंग्वे गेला १९६१ मध्ये आणि ती गोष्ट त्याने लिहिली याचा त्याच्या हयातीतला एकही पुरावा नाही, उलट तो लहान होता तेव्हाच अमेरिकेतल्या पेपरांत त्याच धाटणीच्या जाहिराती छापून येत होत्या. हे सांगून त्या थांबल्या नाहीत, पुढे म्हणाल्या की कोणाची का असेना, आपण तिच्याकडून एक गोष्ट घेऊ, तिच्यात कोणी रडत नाही. माझ्या वहीत पहिल्या पानावर हेच वाक्य आहे, तिच्यात कोणी रडत नाही.

आधी जागेबद्दल सांगते. वर्ग धरमपेठेत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भरतो, ट्रॅफिक पार्कपासून चालत जाता येतं. मी मनीषनगरकडून येते म्हणजे उज्ज्वल नगरला मेट्रो पकडायची, सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा लाईन घ्यायची आणि शंकर नगर चौकात उतरायचं, मग पायी. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ. बाहेरगावच्या लोकांना ही वेळ विचित्र वाटेल पण एप्रिल-मेमध्ये नागपुरात दहाच्या नंतर कोणाला घराबाहेर काढायचं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे ही वेळ मला फार समजूतदार वाटली. सहा रविवारांचे अठराशे रुपये. आम्ही चौदा जण होतो, त्यात बँकेतून रिटायर झालेले, जुन्या नागपुरातल्या महाल भागातले एक काका, दोन डॉक्टरीणबाई, माझ्यासारख्या तीन शिक्षिका, एक कापडाच्या दुकानातला दादा, आणि इंजिनिअरिंगची तीन-चार पोट्टी.

मॅडम आता सत्तरीच्या आहेत आणि त्या कधीही साहित्यिक म्हणून वावरल्या नाहीत. त्या तार ऑफिसात होत्या. हे कळलं आणि मला एकदम सगळा वर्ग का असा आहे ते समजलं. तारेला शब्दावर पैसे पडायचे ना, तर त्यांनी नोकरीतली कितीतरी वर्षं खिडकीपलीकडच्या माणसांना शब्द खोडताना बघितलंय. त्या सांगायच्या, माणूस पहिले फॉर्मवर सगळं लिहायचा, बाबांना परवा ताप आला, डॉक्टर आले, कसं काय झालं, मग पैसे ऐकले की एकेक कापत जायचा आणि शेवटी उरायचं 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली'. चार शब्द. आणि तिकडे तार उघडणाऱ्या घराला त्या चार शब्दांत सगळं कळायचं, जे कापलं तेही. तार सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, मॅडम त्याच्या आधीच रिटायर झाल्या होत्या, पण त्यांची शिकवायची पद्धत अजून त्या खिडकीतलीच आहे. तुम्ही वाचून दाखवायचं, त्या पेन्सिल घेऊन प्रत्येक शब्दाला विचारणार, याचे पैसे द्याल का?

पहिल्या रविवारी लिहायचं नव्हतं, घरून दीडशे शब्दांच्या आसपास एक स्वतः पाहिलेला प्रसंग लिहून आणायचा होता. आणि चार गोष्टींना बंदी. मेलेलं माणूस, स्वप्न, वृद्धाश्रम, आणि कामवालीच्या प्रामाणिकपणाचं कौतुक. पहिले तीन रविवार तरी नाही, मग बघू असं म्हणाल्या. ही बंदी ऐकून अर्ध्या लोकांच्या वह्या बंद झाल्या. पण त्यामुळेच लोकांना आपापल्या घरात, गल्लीत बघावं लागलं, आणि तिथून ज्या गोष्टी आल्या त्या मी कुठल्याच ग्रुपवर वाचल्या नव्हत्या.

दुसऱ्या रविवारी शंभर शब्द, मोजून, एकही कमी-जास्त नाही. हा शंभरचा नियम आपल्याकडचा नाही, इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात सायन्स फिक्शनवाल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, त्याला ते ड्रॅबल म्हणतात. पण मॅडमनी एक फार कामाची गोष्ट दाखवली की इंग्रजीचे शंभर आणि आपले शंभर सारखे नाहीत. इंग्रजीत 'टु', 'फ्रॉम', 'ऑफ', 'द' हे सगळे शब्द सुटे मोजले जातात, आपल्याकडे विभक्ती चिकटून येते. 'भावाकडून' हा एकच शब्द. 'घरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द. म्हणजे मराठीत शंभर शब्द म्हणजे ऐसपैस जागा आहे, आपण पन्नासात बसायला पाहिजे. आणि दुसरं, आपलं क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' तर त्याच्याही नंतर. 'त्याने ते पत्र तिच्या हातात दिलं नाही', यात 'नाही' येईपर्यंत वाचक पत्र दिलं असंच धरून चालतो. शेवटच्या शब्दाला असं फिरवणं इंग्रजी लेखकाला उसनं आणावं लागतं, आपल्या व्याकरणात ते बसलेलंच आहे. मी एवढी वर्षं व्याकरण शिकवते, प्रयोग आणि समास आणि काय काय, पण व्याकरणाचा गोष्ट सांगायला असा उपयोग होतो हे मी पोरांना एकदाही दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मेट्रोत बसून वहीच्या मागच्या पानावर असलीच वाक्यं लिहीत गेले, माझं स्टेशन कधी आलं कळलं नाही.

आता तिसरा आणि चौथा रविवार, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. महालातल्या काकांनी आणलेली गोष्ट त्यांच्या परवानगीने इथे टाकतेय. त्यांनी पहिले आणलेला मजकूर होता १६८ शब्दांचा. दोन भाऊ, एका ताटात जेवणारे, वडिलांच्या मागे वाड्याची वाटणी, कोर्ट, बायकांची भांडणं, मग वाटणी झाली ती अशी की खोली एकाकडे आणि तिच्या बाहेरचं अंगण दुसऱ्याकडे, मग उन्हाळा, कूलर, मग एका रात्री धाकट्याला जाग येते आणि तो खिडकीतून बघतो तर थोरला पाईप लावून कूलरच्या टाकीत पाणी भरून राहिला. आणि शेवटची ओळ, 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.'

वर्गात सगळ्यांना आवडली. मलाही. शेवटची म्हण तर इतकी चपखल की पाण्याचीच गोष्ट आणि पाण्याचीच म्हण. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि तीच ओळ पहिले खोडली.

काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, मॅडम, या ओळीसाठीच तर मी गोष्ट लिहिली. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे, तुम्हाला ती लिहायला लागली म्हणूनच गोष्ट सुचली, पण वाचणाऱ्याला ती लागत नाही. मग कोर्ट गेलं, बायका गेल्या (मला याचा फार आनंद झाला, वाटणी म्हटली की दोष बायकांवर ढकलायचा ही सवयच झालीय), एका ताटात जेवणं गेलं. अर्ध्या तासाने अडलं ते एका जागी. थोरला रात्री पाईप लावून उभा आहे, हे दाखवायचं की नाही? इंजिनिअरिंगच्या एका पोरीचं म्हणणं होतं की ते दाखवलंच पाहिजे, तेच तर चित्र आहे. दुसरा म्हणाला, मग बाहेरगावच्या वाचकाला कळणार कसं, पुण्या-मुंबईच्या माणसाला कूलरची टाकी बाहेरून भरावी लागते हेच माहीत नसते. त्यावर काकांनीच उपाय काढला, एवढंच वाक्य टाकू की टाकी अंगणात भरावी लागते. बाकी नको. आणि थोरल्याला त्यांनी स्वतःच काढून टाकलं. शेवटी राहिलं ते हे :

'वाटणीत खोली धाकट्याला आली, अंगण थोरल्याला. कूलर खिडकीत. हवा खोलीत येते, टाकी अंगणात भरावी लागते. तीन वर्षं दोघांत बोलणं नाही.
मे संपत आला. टाकी एकदाही कोरडी पडली नाही.'

२८ शब्द. मॅडमनी 'एकदाही' वर बोट ठेवून विचारलं, याचे पैसे द्याल का? काका म्हणाले, याचे दुप्पट देईन. खरं आहे, 'एकदाही' काढलं तर एखाद्या रात्रीचा उपकार होतो, 'एकदाही' मुळे रोजची रात्र होते. आणि 'भरलेली होती' असं नाही म्हटलं, 'कोरडी पडली नाही' म्हटलं, म्हणजे कोणीतरी ती पडू दिली नाही. मी हे वाक्य पुढचे चार दिवस डोक्यात घेऊन फिरत होते, घरी कूलरमध्ये पाणी टाकताना तर हमखास.

त्याच्याच पुढच्या रविवारी मॅडमनी दृष्टांतपाठ काढला. आम्हा मराठीवाल्यांना तो बी.ए.ला असतो, परीक्षेपुरता वाचून सोडून देतो. महानुभाव पंथाचा ग्रंथ, चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजांनी गोळा केलेले, तेराव्या शतकातले. म्हणजे मराठीतलं अगदी सुरुवातीचं जे गद्य आहे, त्यातच या एवढ्या एवढ्याशा गोष्टी आहेत, आणि त्याचं नातं आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी आहे. अलक काल-परवा मोबाईलवर जन्माला आली असं आपल्याला वाटतं, आणि इथे विदर्भाच्या मातीत सातशे वर्षांपूर्वी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट मराठीत सांगून झालेली आहे. त्या दृष्टांतांची रचना तीन भागांची असते, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक म्हणजे त्याचा अर्थ उलगडून सांगणं. मॅडम म्हणाल्या, तिथे दार्ष्टांतिक पाहिजेच कारण तिथे धर्म समजवायचा आहे. तुम्हाला काही समजवायचं नाही. तुम्ही दृष्टांत लिहा, दार्ष्टांतिक वाचणाऱ्याला करू द्या, तो करतोच.

मला हे ऐकताना आतून हललं कारण मी सोळा वर्षं नेमकं उलटं शिकवलंय. दहावीला उपयोजित लेखनात कथालेखन असतं, ८० ते ९० शब्दांत. म्हणजे बघा, आपली दहावीची पोरं दरवर्षी अलकच लिहितात, फक्त तिला अलक म्हणत नाहीत. आणि मी त्यांना काय सांगते? शीर्षक द्या, मुद्दे घ्या, आणि खाली तात्पर्य लिहायला विसरू नका. तात्पर्य राहिलं की मी स्वतः लाल पेनाने गोल करते. माझ्या हाताखालून शेकड्याने मुलं गेली असतील, सगळ्यांना मी गोष्ट झाल्यावर 'म्हणून' म्हणायला शिकवलं.

त्याच आठवड्यात मी माझीही एक लिहिली, हजेरीची. 'सोळा. हजर मॅडम. सतराचं नाव जूनमध्ये कापलंय म्हणून मी थेट अठरा म्हणते. अठरा नंबरचा मुलगा लगेच हजर म्हणत नाही. एका नावाइतका थांबतो.' याच्या खाली मी मैत्रीबद्दल एक ओळ लिहिली होती, ती घरीच खोडली, वर्गात नेलीच नाही.

आता जे पटलं नाही ते. मॅडमचा विशेषणांवर फार राग आहे, सरसकट. विशेषण दिसलं की पेन्सिल. मला हे अति वाटतं. काकांच्या गोष्टीत 'थोरला' आणि 'धाकटा' हीसुद्धा विशेषणंच आहेत, ती काढून बघा काय उरतं. शब्द फुकट आहे का ते बघावं, त्याची जात बघू नये. मी हे वर्गात बोललेही, त्या हसल्या पण मानलं नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाचव्या रविवारी नुसत्या संवादाची गोष्ट लिहायची होती, 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' काही नको. एका पोराने, जो आधी दोन वर्षं पुण्याला होता, हे वाचलं :

'जेवून राहिला का?'
'हो.'
'काय?'
'भात.'
'अन् भाजी?'
'जेवून राहिलो म्हटलं ना आई.'

मॅडमनी 'जेवून राहिला' ला खूण केली आणि म्हणाल्या की छापायचं असेल तर 'जेवतोयस का' करा, सगळीकडचे लोक वाचतात. मला हे बिलकुल पटलं नाही आणि मी एकटी नव्हते, कापडवाले दादा पहिल्यांदाच तावाने बोलले, म्हणाले मॅडम मग ते नागपूरची आई कशी होईन? बरोबर होतं त्यांचं. तो पोरगा कुठेतरी दूर आहे, फोनवर आहे, आणि घरच्याशीच बोलतोय, हे सगळं त्या एका 'राहिला' मध्ये आहे, ते काढलं तर ते सांगायला दोन वाक्यं जास्तीची घालावी लागतील. म्हणजे शब्द वाचवायचे याच हिशेबानेसुद्धा आपली बोली ठेवणंच योग्य. सांगायला आनंद वाटतो की सहाव्या रविवारी मॅडमनी स्वतःहून हा विषय काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या की त्यांनी घरी दोन्ही मोठ्याने वाचून बघितलं आणि पोराचंच ठेवायला पाहिजे. सत्तरीच्या शिक्षकाने हे असं सांगणं, मी माझ्या वर्गात असं किती वेळा केलंय हे मला आठवावं लागलं.

व्यवस्थेच्या तक्रारी आहेत. चौदा जण दोन तासात होत नाहीत, सरळ गणित आहे. माझी एक गोष्ट वाचायचीच राहून गेली, एका डॉक्टरीणबाईंच्या दोन राहिल्या. दहाच्या वर लोक घेऊच नयेत. खोलीतल्या कूलरचा आवाज इतका की मागच्या रांगेत बसणाऱ्याला हळू वाचलेलं ऐकू येत नाही आणि अशा गोष्टी ओरडून वाचता येत नाहीत, कूलर बंद केला तर जीव जातो. छापील काही मिळत नाही, नोट्स आपल्याच काढाव्या लागतात. लेखी शेरा पण नाही, जे काय ते तोंडी, त्यामुळे ज्याने पटापट लिहून घेतलं नाही त्याचं गेलं. आणि हो, सर्टिफिकेट देत नाहीत, कोणाला ऑफिसात दाखवायला पाहिजे असेल तर इथे येऊ नका.

वाचायला काय काय घेतलं हे काही जणांनी विचारलं म्हणून, थोडंच घेतलं. उर्दू लेखक मंटोच्या 'सियाह हाशिये' मधले फाळणीवरचे दोन-दोन ओळींचे तुकडे, १९४८ चे, ते एकदा वाचून मॅडमनी पुस्तक मिटलं आणि चहा सांगितला, त्याच्यावर चर्चा केलीच नाही, ते योग्य होतं. हिंदीत लघुकथेची चांगली वहिवाट आहे आणि नागपुरात बरंच शहर हिंदी बोलतं त्यामुळे तिकडच्याही घ्यायला पाहिजे होत्या, ती कमी राहिली असं मला वाटतं.

'तू' आणि 'तुम्ही' चा जो स्वाध्याय होता तो मात्र मी जसाच्या तसा उचलून शाळेत नेला. स्वाध्याय असा की गोष्टीत एकाच माणसाला हाक मारायची पद्धत एकदा बदलली पाहिजे आणि त्या बदलातच सगळं झालं पाहिजे, बाकी काही घडवायचं नाही. तू, तुम्ही, अहो, अगं, ताई, मॅडम, भाऊ, साहेब. इंग्रजीत तू-तुम्हीचं हे करताच येणार नाही, तिथे सगळ्यांना एकच 'यू'. आपल्याकडे एक अक्षर बदललं की नातं बदलतं.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात नववीला हे दिलं. अर्ध्या मुलांनी भूताचं लिहिलं, ते ठीक आहे, ते वय आहे. एका मुलीने लिहिलेलं हे, तिला विचारून टाकतेय आणि तिच्याबद्दल बाकी काही सांगणार नाही :

'शाळेच्या गेटपाशी मैत्रिणीने विचारलं, कोण गं त्या? मी म्हटलं, आमच्याकडे काम करतात.
आईने पिशवीतून डबा काढला.
"ताई, डबा राहिला तुमचा."'

वीस शब्द. खाली तिने 'तात्पर्य : आईची लाज बाळगू नये' असं लिहिलं होतं आणि मग स्वतःच त्याच्यावर रेघ मारली होती, एकदा नाही, तीनदा, कागद थोडा फाटलाय तिथे. खरं की कल्पनेतलं हे मी तिला विचारलं नाही. वर्गात वाचू का एवढंच विचारलं, ती म्हणाली वाचा पण नाव नका सांगू.

वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, आई 'तुमचा' कशाला म्हणाली? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले, आणि त्याच्या शेजारच्याने त्याला सांगितलं, अबे, तिने ऐकलं होतं ना. मग तिसरी म्हणाली, ऐकलं म्हणून नाही, पोरगी खोटी पडू नये म्हणून. मग चौथा म्हणाला, रागाने म्हणाली असेल. त्यावर वाद. आई रागावली होती की सांभाळून घेत होती यावर पंधरा मिनिटं तासाला चाळीस पोरं बोलत होती, जी एरवी 'तात्पर्य सांगा' म्हटलं की पायाकडे बघतात. घंटा झाली तरी दोघं दारात भांडत होते. मी या अठराशे रुपयांचा हिशेब तिथेच लावला.

परीक्षेत मात्र तात्पर्य लिहायचंच, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय, मार्क त्यांचे आहेत, माझ्या आवडीपायी जायला नको. वहीत वेगळं, पेपरात वेगळं. त्यांना ते बरोबर समजलं.

जायचं असेल तर पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा वेळ साडेआठची होईल. जाहिरात वगैरे करत नाहीत, आधीच्या बॅचमधल्या कोणाला तरी विचारावं लागतं. जिना अरुंद आहे आणि बाहेरून आहे, गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, त्या खालच्या व्हरांड्यात बसवतात. पेन्सिल न्या, पेन चालत नाही त्यांना. पहिल्या दिवशी दीडशे शब्द घेऊन जायचेत, ते टाइप करून नेऊ नका, हाताने लिहून न्या, एका आड एक ओळ सोडून. आणि वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री पोहे मिळतात, साडेनऊला संपत आलेले असतात तर कोणाला तरी पहिलेच धाडून ठेवा.